चित्रपट पाहून घरीं आल्यावर

चित्रपट संपतो, दिवे लागतात, मंडळी पायांनीं चपला चाचपडूं लागतात आणि कोणी तरी शेजारच्यास विचारतें, “कसा काय वाटला?” या प्रश्नाचें खरें उत्तर चित्रगृहाच्या जिन्यांत सहसा मिळत नाहीं. तेथें “बरा आहे” किंवा “लांबला जरा” एवढ्यावर काम भागतें. खरें उत्तर घरीं मिळतें. आमच्या अकोल्याच्या घरीं तर जुना शिरस्ताच आहे कीं, चित्रपट पाहावयाचा तो शक्यतों सर्वांनीं मिळून; परत आल्यावर पिठलें-भात टाकावयाचा; आणि जेवणें आटोपलीं कीं झोपाळ्याभोंवतीं बसून पाहिलेल्या चित्राचा निवाडा करावयाचा. झोपाळ्यावर आमच्या मातोश्री. त्यांचें वय शहाऐंशी. अजूनहि ‘बोलपट’ हाच शब्द त्यांच्या तोंडीं आहे.

आम्हांपैकीं कोणीहि टीकाकार नव्हे. प्रकाशयोजना, संकलन इत्यादि शब्द आम्हांस ऐकून ठाऊक आहेत इतकेंच. आमचे निकष निराळे आणि, खरें सांगावयाचें तर, पुष्कळदां अन्यायाचे असतात. ‘बाईपण भारी देवा’ हा केदार शिंदे यांचा चित्रपट २०२३ सालीं आला, तेव्हां आमच्या घरांतील यच्चयावत् स्त्रिया शेजारणींसह एक सबंध रांग अडवून तो पाहून आल्या. पुरुषांना कोणीं विचारलेंहि नाहीं. परत आल्यावर चर्चा झाली ती कथानकाची नव्हे, तर मंगळागौरीचे खेळ नीट दाखविले आहेत कीं नाहीं याची, आणि त्या चर्चेंत दोन जावांचें तीन दिवस बोलणें नव्हतें. ‘कट्यार काळजांत घुसली’च्या वेळीं (२०१५) आमच्या थोरल्या बंधूंनीं चित्रपट सुरू होण्यापूर्वींच आपला निकाल देऊन टाकला होता. १९६७ सालच्या मूळ नाटकांत खांसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे हे जन्मानें मूर्तिजापूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. तेव्हां पडद्यावर दुसरा कोणीहि खांसाहेब म्हणून आला असता तरी बंधूंच्या न्यायालयांत त्याचा टिकाव लागता ना. सचिन पिळगांवकरांचा इतकाच अपराध कीं ते मूर्तिजापुरास जन्मले नाहींत.

कधीं कधीं तर चूक मुळांतच होते. ‘धग’ नांवाच्या चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं हें वाचून आम्ही सर्व जण हर्षभरित झालों. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० सालची, आमच्या वऱ्हाडांतली. तिची नायिका कौतिक ही आमच्या घरांत एखाद्या ओळखीच्या बाईसारखी नांवानें उल्लेखिली जाते. प्रत्यक्षांत चित्रपट स्मशानांत काम करणाऱ्या कुटुंबाचा निघाला. कादंबरीशीं त्याचा नांवापुरताच संबंध. मातोश्री अर्ध्या वेळापर्यंत कौतिकची वाट पाहात होत्या. पण घरीं आल्यावर त्याच म्हणाल्या, “कौतिक नसली तरी ती आई खरी होती हो.” उषा जाधव यांना त्या भूमिकेसाठीं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें होतें, तें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें.

असो. सांगावयाचें आहे तें ‘स्थळ’ या चित्रपटाविषयीं, आणि त्यानंतर झालेल्या एका बैठकीविषयीं.

जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट ७ मार्च २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. तत्पूर्वीं २०२३ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील महोत्सवांत त्यास ‘नेटपॅक’ हें आशियाई चित्रपटांसाठीं असलेलें पारितोषिक मिळालें होतें. चित्रण चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव या दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गांवीं झालें, आणि कामें करणारीं माणसेंहि बहुतांशीं तेथलींच. अकोल्यास सर्वांना सोयीचा खेळ सांपडेना. म्हणून रविवार पाहून आम्ही अमरावतीस बहिणीकडे गेलों व तेथें तो पाहिला. अमरावतीस चित्रपट पाहावयास जाणें यांत अनुचित असें कांहीं नाहीं. तें गांव चित्रपटांच्या वितरणाचें जुनें केंद्र. तेथील चित्रा चौक, प्रभात चौक हीं नांवेंहि चित्रगृहांवरून पडलेलीं. मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजी अमदानींतला प्रांत १९५० सालींच नाहींसा झाला, वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, पुढें महाराष्ट्र झाला; पण चित्रपटांच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत आमच्या मुलुखाचें नांव अद्यापि ‘सी. पी. बेरार’ असेंच आहे. वऱ्हाडाचें जुनें इंग्रजी नांव कोणी जपलें असेल तर तें सिनेमावाल्यांनीं.

चित्रपटाची गोष्ट दोन ओळींत सांगतां येईल. सविता नांवाची शेतकऱ्याची मुलगी महाविद्यालयांत शिकत आहे. तिला पुढें शिकून स्पर्धापरीक्षा द्यावयाची आहे. घरीं कापूस आहे आणि कापसास भाव नाहीं. तिला पाहावयास मंडळी येतात, प्रश्न विचारतात, खाऊन-पिऊन जातात. पुन्हां दुसरी मंडळी येतात. तेच पाट, तेच प्रश्न. नांव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतांतलें काम येतें काय. चित्रपटाच्या आरंभीं एक स्वप्न आहे. त्यांत मुलगा मध्यें बसला आहे आणि भोंवतालच्या बायका त्याची परीक्षा घेत आहेत. त्या वेळीं चित्रगृहांत मोठा हशा पिकला. आम्हींहि हसलों. पुढें तेच प्रश्न मुलीस विचारले जाऊं लागले तेव्हां कोणी हसेना. हें कौशल्य आम्हांस फार आवडलें, कारण त्यांत एक शब्दहि उपदेशाचा नाहीं.

रात्रीं अकोल्यास परतल्यावर बैठक बसली. थोरल्या बंधूंनीं तोंड फोडलें. ते बँकेंतून निवृत्त झालेले. वेळेचा अपव्यय त्यांना खपत नाहीं. ते म्हणाले, “चित्र चांगलें आहे, पण तोच तो प्रसंग पुनःपुन्हां कशाला? एकदां दाखविला असता तर समजलें नसतें काय? माणूस कंटाळतो.”

आमच्या पत्नीचा आक्षेप भाषेविषयींचा होता. ती चंद्रपुराकडची बोली, आपली वऱ्हाडी नव्हे, असें तिचें म्हणणें. यावर बराच खल झाला. दूरचित्रवाणीवर ‘चला हवा येऊं द्या’मधून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनीं वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर नेली हें खरें, पण ती ऐकतांच हसावयाचें अशी जी लोकांस संवय लागली आहे तिचें काय करावयाचें? सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्यें (२००९) विदर्भांतला कास्तकार हीच बोली बोलत मरणाची वाट चालतो, तेव्हां मागच्या रांगेंतून हंसू आलेलें आम्हीं स्वतः ऐकलें आहे. ‘स्थळ’मध्यें तसें झालें नाहीं. आमच्या घरांत आम्ही आपसांत पुस्तकी मराठी बोलतों आणि दूधवाल्याशीं वऱ्हाडी. त्यामुळें या विषयावर आमचा अधिकार किती, असा प्रश्न धाकट्या चिरंजीवांनीं विचारला, तो कोणीं मनावर घेतला नाहीं.

मग वहिनी बोलल्या. त्या म्हणाल्या, “हें सगळें खेड्यापाड्यांत होत असेल. आपल्याकडे असलें कांहीं नाहीं. आपण पोहे करतों, चार गोष्टी बोलतों, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन येतात. उंची कोण विचारतो?”

आमची पुतणी, म्हणजे वहिनींचीच कन्या, पुण्यास अभियंता आहे. ती चार दिवसांच्या रजेवर आली होती आणि येत्या रविवारीं तिला पाहावयास मंडळी यावयाचीं होतीं. सबंध संध्याकाळ ती चित्रपटाविषयीं अवाक्षर बोललेली नव्हती. ती उठली, आंत गेली व एक कागद घेऊन आली. हल्लीं ज्यास बायोडाटा म्हणतात तो तिचाच कागद. तिनें तो मोठ्यानें वाचूं लागतांच आम्ही मान खालीं घातली, कारण तो आम्हींच लिहून दिलेला होता. नांव, जन्मवेळ, गोत्र, आणि लगेच पुढें: “उंची ५ फूट ३ इंच, वर्ण निमगोरा.” शिक्षण व नोकरी त्यानंतर. खरोखर तिची उंची सव्वापांच फुटांहून दोन बोटें कमीच आहे. तीं आम्हीं वाढवून दिलीं होतीं.

“काका,” ती म्हणाली, “उंची कोणी विचारीत नाहीं, कारण आपण आधींच सांगून ठेवतों.” मग थोरल्या बंधूंकडे वळून म्हणाली, “आणि बाबा, तुम्हांला तो प्रसंग चौथ्यांदा पाहून कंटाळा आला. मला तिसऱ्यांदा त्यांत बसून आला आहे.”

झोपाळा थांबला. मातोश्री कांहीं वेळ कांहींच बोलल्या नाहींत. नंतर त्यांनीं स्वतःचें सांगितलें; सासरीं सदुसष्ट वर्षें काढलीं, पण हें आम्हीं त्यांच्या तोंडून पूर्वीं ऐकलेलें नव्हतें. त्यांना पाहावयास आलेल्या मंडळींनीं सुईंत दोरा ओंवावयास लावला होता, दृष्टि बरी आहे कीं नाहीं तें पाहाण्यासाठीं. मग खिडकीपर्यंत चालून दाखवावयास सांगितलें. मग वर्तमानपत्र वाचावयास दिलें. “मीं वाचलेलें सगळें मला समजत होतें,” त्या म्हणाल्या, “पण त्यांत काय लिहिलें आहे तें कोणीं विचारलें नाहीं.” त्या मंडळींत आमचे आजोबा होते. ते अत्यंत सुशील व दयाळू गृहस्थ होते. त्यांच्याविषयीं मातोश्री आजहि वावगा शब्द ऐकून घेत नाहींत.

या ठिकाणीं आम्हांस ‘स्थळ’चें वेगळेपण दिसूं लागलें. विवाहाच्या व्यवहारांत मुलीवर होणारा अन्याय हा मराठी प्रेक्षकास नवा नाहीं. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालची, प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. शांता आपट्यांची नीरा पाहून त्या काळीं घरोघरीं वाद झाले असतील. पण त्या दोन्हीं ठिकाणीं म्हातारा नवरदेव आहे. त्यास नांवें ठेवून प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जाऊं शकतो, कारण आपल्या घरांत कोणी तसला म्हातारा नसतो. ‘स्थळ’मध्यें दुष्ट माणूसच नाहीं. पाहावयास येणारे साधे लोक आहेत. मुलीचा बाप तर भला माणूस. मुलीवर त्याची माया आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला हें त्याच्या गांवीं ठाऊक नसेल असें नाहीं, परंतु मागणी आली म्हणजे त्याची नजर कापसाच्या गंजीकडेच जाते. अशा माणसास नांवें ठेवावयाचीं तर आधीं आमच्या हातच्या कागदास ठेवावयास हवींत.

थोरल्या बंधूंनीं आपला आक्षेप परत घेतला असें मात्र नाहीं. चित्र दहा मिनिटांनीं कमी करतां आलें असतें, हें त्यांचें मत कायम आहे. आमचेंहि तेंच आहे, पण त्या रात्रीं तें बोलून दाखविण्याचें धैर्य झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचें शेत ठोक्यानें करणारा कास्तकार हिशेबासाठीं आला. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्याच्या हातीं प्रत्यक्ष किती पडले याचें गणित चालूं असतां चित्रपटाचा विषय निघाला. आम्हीं त्याला गोष्ट सांगितली: बाप, मुलगी, कापूस, पाहुणे. त्यालाहि लग्नाची मुलगी आहे. त्यानें सगळें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, “त्याच्यात काय पाह्याचं हाये जी? हे त आमच्या घरी सालोसाल सुरूच हाये.” आम्ही त्याला तिकिटें काढून देण्याच्या विचारांत होतों, तो विचार तेथेंच राहिला.

त्या आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या. आम्हीं तो कागद पुन्हां लिहिला. त्यांत उंची व वर्ण हीं दोन्हीं गाळलीं. वहिनींना हें मुळींच पटलें नाहीं. “समोरच्यांना वाटेल, कांहीं तरी लपवितात,” हें त्यांचें म्हणणें निव्वळ चुकीचें होतें असेंहि म्हणवत नाहीं. वाद वाढला. शेवटीं नवा कागद द्यावयाचा कीं जुना, हें पुतणीनेंच ठरवावें असें ठरलें, आणि तिनें नवा दिला.

रविवारीं मंडळी आलीं. पोहे वहिनींनींच केले; पण चहाचें तबक थोरल्या बंधूंनीं बाहेर आणलें. त्यांना संवय नसल्यामुळें बराचसा चहा बशांत उतरला होता. पुतणी आधींपासूनच खुर्चीवर येऊन बसली होती. तिच्याविषयींचे प्रश्न संपल्यावर तिनें मुलास विचारलें, “अलीकडे कोणता चित्रपट पाहिलात?” त्यानें एका मल्याळी चित्रपटाचें नांव सांगितलें, तें आम्हांपैकीं कोणीं ऐकलेलेंहि नव्हतें. तिनें तो पाहिला होता आणि तिला तो मुळींच आवडला नव्हता. त्यावर त्या दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला. एकदां तर मुलाच्या आईनें त्यास डोळ्यांनीं दटावलेंहि.

मंडळी गेल्यावर मातोश्रींनीं झोपाळ्यावरून विचारलें, “कसा काय वाटला?” पुतणीनें उत्तर देण्यास आठ दिवस मागून घेतले.