शेवटच्या दिवसाआधीचे फोटो

१५ सप्टेंबर २०२३ला बेस्टची डिझेलवरची डबलडेकर शेवटची धावली. फुलांच्या माळा, फुगे लावून मुंबईकरांनी तिला निरोप दिला. मोबाइल उंचावलेल्या हातांची गर्दी झाली. त्या फोटोंमध्ये बस दिसते, तिचा रोजचा प्रवास दिसत नाही. वरची पहिली सीट पटकवायला जिन्यावरून धडधडत जाणारी पोरं, दांड्याला धरून पेंगणारा कामगार, तिकीट पंचची टिकटिक करत येणारा कंडक्टर... हे सारं रोज समोर होतं, म्हणून फार थोड्यांनी टिपलं.

शहर झपाट्याने बदलत असताना रोजचं जगणं ते रोजचं आहे तोवरच टिपावं लागतं. पॅरिसच्या युजीन आत्झेने हेच केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्स घेऊन जुन्या गल्ल्या हिंडला. दुकानांच्या दर्शनी काचा, जिने, फेरीवाले टिपले आणि ते फोटो चित्रकारांना, संग्रहालयांना संदर्भ म्हणून विकले. त्याचा ठेवा जपणारी बेरेनिस ॲबट १९२९मध्ये न्यूयॉर्कला परतली, तर तिथे जुन्या घरांशेजारी गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या. तिने ते शहर टिपलं. १९३९मध्ये ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे पुस्तक आलं.

आपल्याकडे आज वरळीत तेच घडतंय. १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींतलं घर १६० चौरस फुटांचं, त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरमधलं ५००चं. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हा आनंद खरा आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाला चाळीची हळहळ बाहेरच्याने शिकवू नये.

माझ्याकडे तिथला एक फोटो आहे, सकाळी पाण्याच्या वेळेचा. मधला पॅसेज, दोन्हीकडे दारं. एका उंबऱ्याबाहेर निळा पिंप, त्यावर पालथा तांब्या, कडीला दुधाची पिशवी. तेव्हा मला पॅसेजच्या टोकाकडून येणारी उन्हाची तिरीप हवी होती. आता नजर खिळते ती चपलांवर. एकाच दाराशी अकरा जोड. त्या घरात किती माणसं कशी राहत होती, हे त्या चपला सांगतात.

म्हणून फोटो काढताना दोन पावलं मागे सरावं. दुकानाची पाटी, भावफलक, विजेच्या तारा फ्रेमबाहेर काढू नयेत. वीस वर्षांनी त्याच गोष्टी बोलतील. एकाच नाक्यावर, त्याच जागी उभं राहून दर पावसाळ्यानंतर फोटो काढावा. माणसांना विचारावं, त्यांना प्रत द्यावी. आणि जागा, तारीख लिहून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो काढल्याची वेळ आणि ठिकाण गमावून बसतो. तारीख नसलेला फोटो पुढे कुणाच्याच कामी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मध्यंतरी अकरा जोडांच्या त्या कुटुंबाच्या नव्या घरी गेले. चपला आता दाराआड, रॅकमध्ये. बाहेर लिफ्टपाशी आजी उभ्या होत्या, हातात भाजीची जुनीच कापडी पिशवी, नजर वरच्या लाल आकड्यांवर. “आजी, एक फोटो काढू?” म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला. मी फोटो काढला आणि वहीत तारीख लिहिली.