चालणाऱ्याच्या चालीची गाडी

पहिल्या दिवशी इंदूर ते महू, वीस-बावीस किलोमीटर, भर श्रावणात आणि ओल्या मोज्यांनी. राजवाड्यापासून निघून महेश्वरच्या घाटावर पोचायचं, होळकरांच्या एका राजधानीतून दुसरीत, सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर पायी, असा आमचा बेत होता. दुसरा दिवस विसाव्याचा ठेवला होता. टाचांकडे पाहता तेवढंच एक शहाणपण आमच्या हातून घडलं होतं. पण खोलीत लोळत पडायला कोणी तयार नव्हतं. मग सकाळी पोहे-जिलबी हाणली, रिक्षा केली आणि महूपासून जवळच असलेलं पातालपाणी स्टेशन गाठलं.

इथून कालाकुंडपर्यंत मीटरगेजची हेरिटेज गाडी जाते. २५ डिसेंबर २०१८ला ती सुरू झाली. अंतर जेमतेम साडेनऊ-दहा किलोमीटर आणि जाताना वेळ लागतो सुमारे दोन तास. म्हणजे ताशी पाच किलोमीटर! आदल्या दिवशी आमचाही वेग एवढाच होता. फरक इतकाच, की आज खिडकीत बसायला मिळालं होतं.

हा संथपणा काही निव्वळ हौसेचा नाही. माळव्याचं पठार इथे संपतं आणि रूळ चोरल नदीच्या दरीत, निमाडच्या दिशेने उतरू लागतात. उतार चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. वाटेत बोगदे, पूल, एकामागून एक वळणं. घाट लागण्याआधी ब्रेक तपासावेच लागतात. गाडी थांबते तिथेच टंट्या मामांचं देऊळ आहे. इंग्रजांना वर्षानुवर्षं हुलकावण्या देणाऱ्या या भिल्ल वीराला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिलं आणि देह या रुळांजवळ आणून टाकला, असं इथले लोक सांगतात. त्यामुळे गाडी थांबते ती मामांना सलामी द्यायला, असं गावकरी मानतात. ब्रेकचं कारण त्यांच्यापुढे काढायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

पुढे गाडी थांबते ती धबधब्यासाठी. पावसाळ्यात चोरलचं पाणी उभ्या कड्यावरून खाली कोसळतं आणि डबाभर माणसं एकाच बाजूच्या खिडक्यांशी गोळा होतात. तो पाहावा लांबूनच. जुलै २०११मध्ये वरून अचानक आलेल्या लोंढ्यात पात्रात उतरलेली माणसं वाहून गेली होती. वर आभाळ कोरडं असलं तरी भरवसा नाही.

हा मार्ग मराठी राज्यकर्त्याच्या तिजोरीतून झाला, हे डब्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीवर. जमीन दिली ती फुकट. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावं, हा व्यवहार मला तरी रुळांपेक्षा जास्त बघण्यासारखा वाटतो. नाव पडलं होळकर स्टेट रेल्वे. १८७०च्या दशकात काम झालं आणि मोरटक्क्याला नर्मदेवर पूलही उभा राहिला.

पुढे याच रुळांवरून काचीगुड्याची मीनाक्षी एक्स्प्रेस पूर्णा, अकोला, खंडवा, महू करत राजस्थानात जायची. मराठवाडा-वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना हा घाट आठवत असेल. रात्री डबे अंगावर येतील इतके कलायचे, अशी आठवण आमच्यातल्या एका अकोलेकर काकांनी काढली आणि तीच पुढे तीनदा सांगितली. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०२३च्या सुरुवातीला महू–ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडी बंद झाली. नवी ब्रॉडगेज हा खडा उतार टाळून वळसा घेत जाणार आहे. म्हणून घाटातले हे रूळ वाचले. गाडी मात्र आता कालाकुंडच्या पुढे जात नाही.

कालाकुंड म्हणजे डोंगरांनी वेढलेलं छोटंसं स्टेशन. इथे पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. दाणेदार, किंचित धुरकट, साखर बेताची. इंदुरात सराफ्यात यापेक्षा देखणा मिळेल, चवीचा मिळेल असं मी म्हणणार नाही. गावाच्या नावावरून मिठाई की मिठाईवरून गाव, यावर फलाटावर रंगलेली चर्चा पाव किलो संपेपर्यंत टिकली.

परतीला चढ असूनही गाडी तासाभरात वर येते, कारण तेव्हा कुणाला फोटो काढायचे नसतात.

जायचं असेल तर पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या थंडीत जा. गाडी बहुधा शनिवार-रविवारीच असते आणि हंगामाप्रमाणे बंदही होते, तेव्हा वार बघूनच विसाव्याचा दिवस ठरवा. वातानुकूलित डब्याची मोठी काच छान दिसते, पण साध्या डब्यात खिडकी उघडता येते. आम्ही साधा डबा घेतला. मोजे खिडकीच्या गजाला बांधले होते, ते पातालपाणी येईपर्यंत निम्मे वाळले.