लहान नळीची रायफल आणि अस्वल

मनुष्य आणि हिंस्र पशु यांची अकस्मात् गांठ पडली असतां कोणतें शस्त्र पुरेसें, हा वाद बंदुकीच्या शोधाइतकाच जुना असावा. आलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार्ड द्वीपसमूह या प्रदेशांत मात्र तो केवळ करमणुकीचा नाहीं. तेथील कोळी, खनिजांचा शोध करणारे शास्त्रज्ञ, सापळे लावून उपजीविका करणारे मूळ रहिवासी यांना घराबाहेर पाऊल टाकतांना अस्वलाचा विचार करावाच लागतो. जड रायफल वाहणें कष्टाचें, तिचा धक्का खांद्याला सोसणें कठीण आणि तिचीं काडतुसें महाग. म्हणून अनेकांच्या घरीं असते ती लहान नळीचीच रायफल. तिच्यांत कोणतें काडतूस घालावें, आणि तें घातल्यावरहि तिच्यावर कितपत विसंबावें, हा प्रश्न प्राणांशीं निगडित आहे.

प्रथम मापांचा उलगडा करणें अवश्य आहे. नळीचा व्यास इंग्रजी पद्धतींत इंचाच्या शतांशांत किंवा सहस्रांशांत सांगतात. .२२ म्हणजे सुमारें साडेपांच मिलिमीटर आणि .३०३ म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या आंतबाहेर. गोळीचें वजन ‘ग्रेन’ या मापांत देतात. हें माप परकें वाटलें तरी मराठी माणसाला तें सराफाच्या दुकानांतून ओळखीचें आहे; कारण ब्रिटिश अमदानींत ठरविलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा आणि मासा १५ ग्रेनांचा होता. या हिशेबानें .२२ रिमफायरची ४० ग्रेनची गोळी पावणेतीन माशांहून किंचित् कमी भरते, .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी पावणेचार माशांच्या जवळ जाते, आणि .३०८ ची १८० ग्रेनची गोळी पुरता एक तोळा होते. .३०-०६ या जुन्या अमेरिकन लष्करी काडतुसांत घालतात ती २२० ग्रेनची गोळी तोळ्याहूनहि सुमारें पावणेतीन मासे जड असते.

नळींतून निघणाऱ्या गोळीच्या अंगची शक्ति फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास लागणारें कार्य म्हणजे एक फूट-पौंड. .२२ रिमफायरच्या गोळीची शक्ति सुमारें १४०, .२२३ ची सुमारें १,२८०, .३०८ ची सुमारें २,७०० आणि आफ्रिकेंतील मोठ्या शिकारीसाठीं निघालेल्या .३७५ ची चार हजारांहून अधिक भरते. परंतु या आंकड्यांनीं फसूं नये. गणितांत शक्ति ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. त्यामुळें हलकी पण अतिवेगवान् गोळी कागदावर मोठी शक्तिमान् दिसते. तीच गोळी जाड कातड्यावर आणि चरबीवर आदळली म्हणजे फुटून जाते, आणि तिची सारी शक्ति वरच्या चार बोटें मांसांतच खर्ची पडते. अस्वल आंकड्यानें पडत नाहीं. गोळी हृदय, फुप्फुसें, मेंदू किंवा पाठीचा कणा येथपर्यंत पोंचली तरच तें पडतें. म्हणून काडतूस निवडतांना पहिला प्रश्न ‘वेग किती’ हा नसून ‘शिरकाव किती’ हा असला पाहिजे.

अस्वलाच्या शरीराची रचनाच या शिरकावाच्या आड येते. उत्तर अमेरिकेंतील तपकिरी अस्वल, ज्याला तेथें ग्रिझ्ली म्हणतात, त्याच्या खांद्यावर स्नायूंचा उंचवटा असतो. समुद्रकांठच्या मोठ्या नरांचें वजन ४५० किलोंच्याहि वर जातें. दाट केंस, त्याखालीं चरबी, त्याखालीं पिळदार स्नायु आणि मग खांद्याचें जाड हाड, अशी ही तटबंदी आहे. डोकें मोठें दिसतें, पण मेंदू लहान असून तो कवटीच्या मागल्या भागांत असतो, आणि कपाळ उतरतें असतें. समोरून चाल करून येणाऱ्या अस्वलाच्या कपाळावर जरा उंच मारलेली गोळी केवळ कातडें व स्नायु फाडून निघून जाण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तपकिरी अस्वल ताशीं ५० किलोमीटरांच्या वेगानें धांवूं शकतें. म्हणजे ३० मीटरांचें अंतर तें दोन सेकंदांहून थोड्याच अधिक वेळांत कापतें. हृदयाला भोंक पडलें तरी मेंदूंतील रक्तावर जनावर कांहीं सेकंद धांवतच राहतें. येथेंच शिकारीचें काडतूस आणि संरक्षणाचें काडतूस यांतील भेद स्पष्ट होतो. शिकाऱ्याला जनावर मेलें म्हणजे पुरतें. मग तें शंभर पावलांवर जाऊन कां पडेना. आत्मरक्षण करणाऱ्याला तें मरण्यापेक्षां थांबणें महत्त्वाचें असतें.

लहान नळीचे पुरस्कर्ते नेहमीं एक दाखला देतात, आणि तो खरा आहे. १९५३ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत, स्लेव्ह लेक या गांवाजवळ, बेला ट्विन नांवाच्या क्री जमातीच्या साठी ओलांडलेल्या स्त्रीनें एकबारी .२२ रायफलीनें एक प्रचंड ग्रिझ्ली मारलें. तें त्या काळीं जगांतील सर्वांत मोठें नोंदलेलें ग्रिझ्ली ठरलें. तिची रायफल कूई कंपनीची, अगदीं साधी, काडतूस.२२ लाँग, म्हणजे आजच्या लाँग रायफल काडतुसाहूनहि दुबळें. पण या हकीकतीचा उत्तरार्ध बहुधा सांगितला जात नाहीं. ही बाई जन्मभर सापळे लावून जगलेली. जनावरांच्या कवट्या तिनें हातानें सोललेल्या. अस्वल तिच्यावर धांवून आलेलें नव्हतें. तें जवळ येत असतां ती झुडुपांत दबून राहिली, आणि डोकें आडवें दिसतांच डोळा व कान यांच्या मधल्या पातळ हाडावर तिनें नेम धरला. अस्वल पडल्यावरहि विश्वास न ठेवतां तिनें आणखी काडतुसें त्याच डोक्यांत झाडलीं. विजय शरीररचनेच्या ज्ञानाचा व धीराचा होता. काडतुसाचा वांटा त्यांत अल्प.

असाच दाखला आफ्रिकेंतील डब्ल्यू. डी. एम्. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचा. त्यानें सुमारें एक हजार हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक सात मिलिमीटरच्या लहान रायफलीनें. परंतु त्याची गोळी लांब, जड आणि न फुटणारी होती, आणि हत्तीच्या कवटीचा त्यानें कसून अभ्यास केला होता. या दोन उदाहरणांवरून लहान नळी पुरेशी असते असें अनुमान काढणें म्हणजे एका निष्णात वैद्यानें चाकूनें शस्त्रक्रिया केली म्हणून प्रत्येकानें चाकू हातीं घ्यावा असें म्हणण्यासारखें आहे.

आतां गोळीच्या घडणीकडे वळूं. शिशाची गोळी मऊ असते; तिच्यावर तांब्याचें कवच चढविलें म्हणजे ती नळींत टिकते. कवच पूर्ण असेल तर गोळी न पसरतां खोल जाते, पण जखम अरुंद होते. टोंकाचें शिसें उघडें ठेवलें तर गोळी छत्रीसारखी पसरते आणि जखम रुंद होते. हा दुसरा प्रकार हिंदुस्थानांतच गाजला. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत.३०३ साठीं तशा गोळ्या झाल्या आणि १८९९ च्या हेग परिषदेनें पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. शिकारींत मात्र त्या राहिल्या. अडचण अशी कीं, अति लवकर पसरणारी गोळी खोल जात नाहीं. १९४६ सालीं जॉन नॉस्लर हा अमेरिकन गृहस्थ कॅनडांत मूस जातीच्या मोठ्या हरणाच्या शिकारीस गेला असतां त्याच्या वेगवान् गोळ्या चिखलानें लडबडलेल्या कातड्यावरच फुटल्या. त्यावरून त्यानें मध्यें तांब्याचा आडपडदा असलेली गोळी तयार केली. तिचा पुढला भाग पसरतो आणि मागला तसाच आंत घुसतो. पुढें संबंध तांब्याच्या, पण टोंक पसरणाऱ्या गोळ्याहि निघाल्या. लहान नळीच्या रायफलीला मोठ्या जनावरासमोर थोडें तरी बळ आलें असेल तर तें या सुधारणांमुळें.

यावरून निवडीचा क्रम सांगतां येतो. केवळ .२२ रिमफायर हातीं असेल तर टोंकाला पोकळी असलेली गोळी टाळावी आणि ४० ग्रेनची भरीव गोळी घ्यावी. ससा मारण्यास पोकळ गोळी बरी, पण जाड हाडावर ती निरुपयोगी. रिमफायरमध्यें पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेंत पसरलेला असतो, आणि तो सर्वत्र सारखा नसल्यास काडतूस फुसकें निघतें. मध्यभागीं टोपी असलेल्या काडतुसांत हा धोका बराच कमी. तेव्हां रिमफायरला संरक्षणाचें साधन न समजतां निरुपायाचें साधन समजावें. .२२३ असेल तर लांडगे-कोल्ह्यांसाठीं केलेली पातळ कवचाची ५५ ग्रेनची गोळी बाजूस ठेवावी, आणि ६२ ग्रेन किंवा अधिक वजनाची, शिसें व कवच एकजीव केलेली अथवा संबंध तांब्याची गोळी घ्यावी. मात्र नळीच्या आंतील आटे पाहणें जरूर आहे. बारा इंचांत एक वेढा असलेल्या जुन्या नळींतून लांब, जड गोळी स्थिर जात नाहीं आणि नेम चुकतो. तिला नऊ किंवा सात इंचांत एक वेढा लागतो. त्याहून बरें स्वीडनमधील ६.५ मिलिमीटरचें जुनें काडतूस. त्याची १५६ ग्रेनची लांबट गोळी मूसच्या शिकारींत पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आहे. तिचा धक्का सौम्य असून शिरकाव चांगला.

परंतु जेथें निवडीला वाव आहे तेथें .३०३, .३०८ किंवा .३०-०६ च्या खालीं उतरूं नये, असाच अनुभवी लोकांचा कौल आहे. १९४७ सालीं स्थापन झालेल्या कॅनेडियन रेंजर्स या उत्तरेकडील पथकानें .३०३ ची ली-एन्फील्ड सत्तर वर्षें वापरली, आणि २०१८ पासून तिची जागा .३०८ नें घेतली. ईशान्य ग्रीनलंडमध्यें कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डॅनिश सैनिक अनेक दशकें १९१७ च्या घडणीची .३०-०६ रायफल बाळगीत आले. तीव्र थंडींत तिची साधी यंत्ररचना दगा देत नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेच्या वनखात्यानें मीहान व थिलेनियस यांचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांत सुमारें १५ यार्डांवरून निरनिराळीं काडतुसें झाडून पाहिलीं होतीं. मोठ्या नळ्या अग्रभागीं आल्या हें अपेक्षितच होतें. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, त्या त्या नळींतील जड गोळ्यांनीं हलक्या व वेगवान् गोळ्यांवर मात केली, आणि.३०-०६ ची २२० ग्रेनची गोळी पसंतीस उतरली.

काडतूस उत्तम असलें तरी बार उडाला पाहिजे. २०११ च्या ऑगस्टमध्यें स्वालबार्डमध्यें तरुणांच्या एका ब्रिटिश तुकडीच्या तंबूंत ध्रुवीय अस्वल शिरलें. नेत्याच्या हातांत रायफल होती. पण ती एकामागून एक चार वेळां उडाली नाहीं. अखेर त्याच रायफलीनें अस्वल मेलें. तोंपर्यंत एक सतरा वर्षांचा मुलगा प्राणांस मुकला होता आणि कित्येक जखमी झाले होते. सेफ्टीची कळ कशी फिरते, काडतूस नळींत कसें चढतें, हें हातमोजे घालून, अंधारांत, भीतीनें हात कांपत असतां जमेल इतकें अंगवळणीं पडलेलें नसेल, तर गोळीच्या वजनाची चर्चा व्यर्थ आहे. जी रायफल मनुष्य दोन सेकंदांत खांद्याला लावून नेमकी चालवूं शकतो, ती हलकी असली तरी न पेलणाऱ्या जड रायफलीपेक्षां श्रेष्ठ.

आणि शस्त्राहूनहि स्वस्त असा एक उपाय आहे. मिरचीच्या तिखटाचा अर्क दाबानें भरलेला फवारा अस्वलाच्या तोंडावर आठ-दहा मीटरांवरून मारतात. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी यांनीं आलास्कांतील १९८५ ते २००६ पर्यंतच्या ८३ घटना तपासल्या, तेव्हां तपकिरी अस्वलांचा त्रास शेंकडा ९२ वेळां या फवाऱ्यानें थांबल्याचें आढळलें. याच अभ्यासकांनीं २०१२ मध्यें बंदुकांच्या २६९ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत लांब नळीच्या बंदुकांचें यश शेंकडा ७६ होतें, आणि बंदूक जवळ असून ती चालविणारे व न चालविणारे यांच्या इजेच्या प्रमाणांत फरक दिसला नाहीं. दोन्ही प्रकारच्या घटना सारख्याच बिकट होत्या असें धरतां येत नाहीं, हें खरें. तरीपण फवाऱ्याला नेम थोडा कमी लागतो, जखमी व खवळलेलें अस्वल मागें राहत नाहीं, आणि चुकून सोबत्याचा प्राण जात नाहीं, हे लाभ उघड आहेत. कॅनडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं हेंहि ध्यानीं ठेवावें कीं, बॅन्फ व जॅस्पर यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांत सामान्य प्रवाशाला बंदूक नेण्यास मनाई आहे. फवारा मात्र नेतां येतो. आलास्कांत प्राणरक्षणासाठीं अस्वल मारण्याची मुभा आहे, पण कातडें व कवटी सरकारजमा करावी लागते.

महाराष्ट्रांत हा प्रश्न निराळ्या रूपांत येतो. मेळघाट, ताडोबा व विदर्भाच्या इतर वनांतील अस्वल ग्रिझ्लीहून बरेंच लहान, पण अकस्मात् गांठल्यास तितकेंच अविचारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार निषिद्ध आहे. प्राणांवर बेतलें असतां सद्हेतूनें केलेल्या संरक्षणापुरतीच कायद्याची सूट आहे. पहांटे मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्या स्त्रीच्या हातीं रायफल नसते, आणि असावी अशी अपेक्षाहि कोणी करणार नाहीं. उजाडल्यावर निघणें, चारचौघांनीं मिळून जाणें, वाटेनें बोलत किंवा काठी आपटत चालणें, पिलें दिसतांच मागें फिरणें, हेंच तिचें काडतूस.

उत्तरेकडील अनुभवी रहिवाशांचा क्रमहि याहून फारसा वेगळा नाहीं. अन्न तंबूपासून दूर ठेवावें, चाहूल देत चालावें, फवारा कमरेला असावा, आणि त्या सर्वांमागें रायफल असावी. ती लहान नळीची असेल तर तिच्यांत त्या नळीला पेलेल अशी सर्वांत जड आणि न फुटणारी गोळी असावी. आणि ती उडविण्याची वेळ येऊं न देण्याची खटपट घरांतून निघण्यापूर्वींच सुरू झालेली असावी.