पाच रुपये आणि तीन लाल मासे

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही गावाला जाता ना? बॅगा भरून होतात, गॅस बंद केला का हे आई तीन-तीनदा बघते आणि ऐन वेळी कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, मनीचं काय? माशांना खायला कोण घालणार? मग शेजारच्या दाराची कडी वाजते. त्या घरात तुमच्यासारखं कुणी असेल, तर किल्ली हमखास त्याच्याच हातात पडते!

आमच्या रोह्यात ती एकदा माझ्या हातात पडली. मी तेव्हा सहावीत होते. शेजारच्या काकूंच्या घरचा गणपती पेणला, थोरल्या दिरांकडे बसायचा. पेण म्हणजे मूर्तींचंच गाव. तिथल्या आणि जवळच्या हमरापूर, जोहे गावांतल्या कारखान्यांतून गणपती मुंबई-पुण्याला जातात, पार परदेशातही जातात. रेल्वे रोह्यापर्यंत आली १९८६ साली. तेव्हापासून काका-काकूंची चैनच झाली. निडी, नागोठणे, कासू, की आलं पेण! पण मासे काही गाडीतून नेता येईनात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक हंडी होती आणि तिच्यात तीन लाल मासे, म्हणजे गोल्डफिश.

काकांनी किल्ली दिली आणि वर पाच रुपयांची नोट.

"अहो, पैसे कसले देता? शेजारी ना आपण?" आई म्हणाली.

"वहिनी, सहा दिवस ती आठवणीने येणार. तिच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?"

माझी मान अशी ताठ झाली म्हणता! आणि घोळ तिथेच झाला. पैसे घेतलेत तर काम दणक्यात करायला हवं, असं मला वाटलं. काकूंनी सांगितलं होतं, दिवसातून एकदा कणकेच्या बारीक चार-पाच गोळ्या. मी सकाळी घातल्या, दुपारी घातल्या, संध्याकाळीही घातल्या. मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडमीट करायचे. मला वाटायचं, बिचारे भुकेले आहेत! तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन हवा गिळायला लागले. घाबरून मी सगळं पाणी ओतून दिलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते.

काय झालं होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. उरलेली कणीक पाण्यात कुजते. तिच्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषासारखा बाधतो. कुजताना पाण्यातला प्राणवायूही खर्च होतो. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी एकदम सगळं बदलायचं नसतं, थोडंथोडं बदलायचं आणि तेही रात्रभर उघडं ठेवलेलं. गंमत म्हणजे धडधाकट गोल्डफिश दोन-चार दिवस काहीही न खाता मजेत राहतो. म्हणजे मी गेलेच नसते, तर तिघेही वाचले असते!

मांजराचं मात्र तसं नाही. दोन-तीन दिवस त्याच्या पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. मालक गेले की काही मांजरं रुसून खातच नाहीत, तेव्हा ताटली रिकामी होते का ते बघा आणि नसेल होत तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. कुत्र्याला कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका द्यायच्या नाहीत, कितीही लाडाने बघत असला तरी. मोठ्या कुत्र्याला एकट्याने फिरवायलाही नेऊ नका, ते काम दादा-ताईचं. आणि कुत्रा चावला किंवा मांजराने ओचकारलं, तर ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, लस वेळेवर घेतली तर तो रोग होत नाही. (पिंजऱ्यातला पोपट सांभाळायला कुणी दिला, तर त्यांना हेही सांगा की आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे!)

आता थोडं आई-बाबांसाठी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, १९८६ चा कायदा २०१६ मध्ये आणखी कडक झाला आहे. तेव्हा याला पगाराचं रूप देऊ नका. खाऊचे पैसे असोत, पुस्तक असो, जे काय द्यायचं ते दोन्ही घरच्या मोठ्यांनी निघण्याआधीच बोलून ठरवावं. आल्यावर "अगं, घे गं" आणि "नको हो, नको" असं दारात चालतं ना, त्यात मुलाची फार पंचाईत होते. पेणचा फोन नंबर, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आणि काय करायचं त्याची चिठ्ठी मागे ठेवा. तोंडी सांगितलेलं माझ्यासारखी पोरं विसरतात.

काकू परत आल्या तेव्हा मी नोट मुठीत धरून दारातच उभी होते. सगळं सांगितलं. काकूंचे डोळे भरले. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी गढूळ झालं तेव्हाच आईला का नाही गं सांगितलंस?" नोटेवरून मात्र वाद झाला. आई म्हणे, परत द्यायलाच हवी. काका म्हणत, ती रोज आली होती, पैसे तिचेच. मला आईचं पटत होतं. खरं सांगू? थोडंसं काकांचंही. शेवटी नोट आमच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली.

पुढच्या गणपतीला किल्ली पुन्हा आमच्याकडे आली! सोबत कागदाच्या सहा पुड्या होत्या. प्रत्येकीवर काकूंनी वार लिहिला होता आणि आत माशांच्या खाण्याचे मोजून पाच-पाच दाणे.