ट्रॅक्टर घेण्यापूर्वी विक्रेता पारखावा

ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचे वेळापत्रक पाऊस ठरवितो. राबावर पेरलेली रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली, की ती लावणीस योग्य होतात. त्याच सुमारास खाचरात पाणी साठताच चिखलणी आणि लावणी हातोहात उरकावी लागते. लावणी लांबल्यास रोपे जून होतात व त्यांना फुटवे कमी येतात. हळव्या जातींचा एकूण काळच थोडा असल्यामुळे त्यांचे नुकसान अधिक होते. अशा वेळी बंद पडलेला ट्रॅक्टर ऑगस्टच्या अखेरीस दुरुस्त होऊन आला, तरी त्या हंगामापुरता तो नसल्यासारखाच समजावा.

चिखलणीचे काम यंत्राची कठोर परीक्षा घेते. कोरड्या रानातील नांगरटीपेक्षा येथे चाके अधिक घसरतात. लोखंडी जाळीची चाके बसविल्यावर चिखलाचा ओढा आसावर पडतो. आसाजवळील ऑइल सील झिजले, तर पाणी व गाळ आत शिरतो. तेल दुधाळ दिसू लागते आणि बेअरिंग खराब होतात. ब्रेकमध्येही चिखल जातो. काही ट्रॅक्टरांत क्लचच्या पेटीच्या तळाशी असलेले छिद्र चिखलणीपूर्वी बंद करावयाचे व काम संपताच उघडावयाचे असते. हे कोणी समजावून न सांगितल्यास क्लच निकामी होण्याची भीती असते. टाकी अर्धी रिकामी ठेवल्यास दमट हवेतील बाष्प थंड होऊन डिझेलमध्ये पाणी उतरते. यांपैकी बहुतेक दोष वेळीच ओळखले, तर अल्प खर्चात दूर होतात. मात्र त्यासाठी जाणता कारागीर आणि योग्य सुटा भाग ही दोन्ही जवळ असली पाहिजेत.

कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. १९८३ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात वाढत्या वस्तीखाली पुष्कळ शेतजमीन गेली. टिटवाळा, खडवली, मुरबाड व शहापूर या बाजूंना मात्र भाताची खाचरे अद्याप आहेत. ज्या भागात शेतीचे ट्रॅक्टर थोडे, तेथे सुट्या भागांचा भरपूर साठा ठेवणे विक्रेत्यास सहजी परवडत नाही. मुंबई जवळ असल्यामुळे सर्व काही तेथून मिळेल, असा भरवसा अनेकांस वाटतो. मुंबईतील कांदिवली येथे ट्रॅक्टरचा कारखानाही आहे. परंतु शेतकऱ्यास भाग मिळतो तो विक्रेत्याच्या फडताळातून. तेथे तो नसेल, तर कारखाना दहा कोसांवर असला काय आणि शंभर कोसांवर असला काय, काम थांबलेलेच राहते.

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझिअर या शेतकऱ्यास असाच कटू अनुभव आला. त्यांनी घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालेना. पुढे ते विधिमंडळावर निवडून गेले. १९१९ साली त्या राज्याने कायदा केला, की विक्रीस येणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या ट्रॅक्टरची विद्यापीठात चाचणी व्हावी. त्याच कायद्याने उत्पादकावर सुट्या भागांचा साठा व दुरुस्तीची सोय राखण्याचे बंधनही घातले. यंत्राचे बळ आणि त्यामागील सेवा या दोहोंचा विचार एकत्र व्हावा, हे त्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच जाणले होते.

आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले व पुढे तेथेच शासकीय चाचण्या होऊ लागल्या. चाचणी अहवालावरून इंजिनाची शक्ती, इंधनाचा खर्च व यंत्रातील उणिवा कळतात. मुरबाडच्या खाचरात ट्रॅक्टर अडल्यावर कारागीर किती तासांत पोहोचेल, हे मात्र अहवाल सांगू शकत नाही. ती चौकशी खरेदीदारानेच करावयाची असते.

म्हणून किंमत, हप्ते व अनुदान यांचा हिशेब करण्यापूर्वी विक्रेत्याकडे स्वतः जावे. ऑइल सील, क्लच प्लेट, गाळण्या, पट्टे, बेअरिंग हे भाग दुकानात प्रत्यक्ष आहेत काय, ते पाहावे. कारागीर किती आहेत, पावसाळ्यात ते शेतावर येतात काय, येण्याचा आकार किती, हे विचारावे. त्याच विक्रेत्याकडून दोन-तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्यांस भेटून मागील जुलैमधील अनुभव विचारावा. हमीपत्रात कोणते भाग येतात व कोणते वगळले आहेत, हे नीट समजून घ्यावे.

शेतकऱ्याचेही काही कर्तव्य आहे. नेमून दिलेल्या तासांची सेवा चुकविल्यास हमीचा हक्क गमावण्याचा संभव असतो. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच सील व क्लच तपासून घ्यावे. जुलैमध्ये सर्वांचीच घाई असते. चिखलणी झाल्यावर यंत्र रोज धुवावे, वंगण द्यावे आणि सायंकाळी टाकी भरून ठेवावी. पावती, हमीपत्र व दुरुस्तीची प्रत्येक नोंद जपून ठेवावी.

सदोष यंत्र किंवा सेवेतील कसूर याबाबत विक्रेत्याने व उत्पादकाने दाद न दिल्यास, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सामान्यतः तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. तेथे जपून ठेवलेले कागदच उपयोगी पडतात. तथापि निकाल कितीही अनुकूल लागला, तरी हुकलेली लावणी परत मिळत नाही.

ज्यांची खाचरे लहान आहेत, त्यांनी एकट्याने कर्ज काढण्यापेक्षा गावात मिळून ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर घ्यावा, अथवा भाड्याने आणावा. गावातील चार जणांनी एकाच बनावटीचे यंत्र घेतल्यास सुटे भाग ठेवणे विक्रेत्यासही परवडते, आणि ऐन लावणीत एकाचे यंत्र अडले, तर दुसऱ्याचे उपयोगी पडते.