मज्जातंतूंचा वेग आणि अकस्मात येणारा लुळेपणा

मज्जातंतूंची तुलना पुष्कळदा तारायंत्राच्या तारेशी केली जाते. ही तुलना सोयीची असली तरी अपुरी आहे. तारेतून वीज क्षणार्धात धावते. मज्जातंतूतून जाणारा संदेश त्या मानाने फारच संथ असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर असल्याचे दाखविले. तोपर्यंत तो मोजणे मानवी शक्तीबाहेरचे आहे, असा विद्वानांचा समज होता. निरोगी माणसाच्या हातात हा वेग साधारणतः ५० मीटरहून अधिक आणि पायात ४० मीटरहून अधिक असतो. हा वेग मोजता येतो, या साध्या गोष्टीवरच मज्जातंतूंच्या संवहनाची परीक्षा आधारलेली आहे.

या परीक्षेची खरी कसोटी लागते ती गियां-बारे विकारात. वृत्तपत्रांतून ‘गुलेन बॅरी’ किंवा ‘जीबीएस’ या नावाने हा विकार वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. दरवर्षी लाखामागे एक-दोन माणसांनाच तो होतो. प्रथम पायांना मुंग्या येतात, मग पाय जड होतात, आणि काही दिवसांतच अशक्तता हातांपर्यंत व चेहऱ्यापर्यंत चढते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या श्वसनाचे स्नायू दुबळे होऊन त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडते. १९१६ साली गियां, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी पहिल्या महायुद्धातील दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात प्रथिने वाढली होती, परंतु पेशी वाढल्या नव्हत्या. स्नायूंच्या प्रतिक्रियांचे यंत्राने आलेखन करण्याचे काम स्ट्रोल यांचे होते. विकाराच्या नावातून मात्र त्यांचे नाव पुढे गळून पडले.

या आजारात शत्रू बाहेरचा नसतो. बहुतेक रुग्णांना काही दिवस वा आठवडे आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. त्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे आपल्याच मज्जातंतूंवर चाल करून जातात. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या आवरणातील काही रेणू आणि आपल्या मज्जातंतूंवरील काही रेणू यांत विलक्षण साम्य असल्यामुळे ही गफलत होते.

आघात दोन ठिकाणी होऊ शकतो. मज्जातंतूच्या प्रत्येक तंतूचा गाभा म्हणजे अक्षतंतू. त्याच्याभोवती मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. वेष्टनात ठराविक अंतरावर खंड असतात आणि संदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर जणू उड्या मारीत जातो. वेष्टन झिजले तर उडी चुकते. संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. गाभ्यालाच इजा झाली तर तो तंतू निकामी होतो. उरलेले तंतू मात्र आपल्या नेहमीच्या वेगानेच संदेश नेत राहतात.

आता परीक्षेची पद्धत पाहू. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर धातूच्या लहान चकत्या चिकटवितात. मनगटापाशी मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देतात आणि स्नायू आकुंचन पावताना उमटणारा तरंग पडद्यावर पाहतात. समजा, या तरंगाला ३.५ मिलिसेकंद लागले. नंतर कोपरापाशी झटका दिला आणि ७.५ मिलिसेकंद लागले. दोन्ही वेळांतील फरक ४ मिलिसेकंद. दोन बिंदूंमधील अंतर २२ सेंटिमीटर. म्हणून वेग सेकंदाला ५५ मीटर. दोन ठिकाणी झटका देण्याचे कारण असे की, मज्जातंतूच्या टोकापासून स्नायूत संदेश उतरण्यास लागणारा वेळ वजाबाकीत आपोआप निघून जातो. हाच फरक ८ मिलिसेकंद आला, तर वेग साडेसत्तावीस मीटरवर उतरला आणि वेष्टनाला इजा झाली, असे अनुमान निघते. मनगटापाशी तरंग उंच, परंतु कोपरापासून आलेला तरंग फारच बुटका असेल, तर मधल्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे. उलट वेग जवळजवळ ठीक, परंतु दोन्हीकडचे तरंग बुटके असतील, तर संशय अक्षतंतूच्या इजेचा येतो.

परंतु यंत्राचा आकडा म्हणजे निदान नव्हे. चंडीगढसारख्या शहरात, जेथे जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, बाहेरून आलेल्या रुग्णाचा हात गार असतो. तापमान एक अंशाने उतरले की संवहनाचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो. म्हणजे सात अंशांनी गारठलेला निरोगी हातही आजारी भासेल. म्हणून आधी हात-पाय ऊबदार करून मगच परीक्षा करावी लागते.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत परीक्षेचे निकाल अगदी स्वाभाविक येऊ शकतात, कारण इजा बहुधा मज्जारज्जूजवळच्या मुळांशी सुरू होते आणि नेहमीची परीक्षा हातापायांच्या लांबच्या भागांची असते. झटक्याचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत स्नायूत येतो, तेव्हा उमटणारा एक लहानसा उशिराचा तरंग येथे उपयोगी पडतो. तो लांबला वा नाहीसा झाला, तर मुळांवर संशय येतो. तरीही पहिल्या निकालावर विसंबून रुग्णाला ‘मनाचा आजार’ म्हणून घरी पाठविणे जिवावर बेतू शकते. दोन-तीन आठवड्यांनी परीक्षा पुन्हा करणे म्हणूनच आवश्यक ठरते. अक्षतंतू निकामी झाल्यासारखे वाटणारे काही रुग्ण झपाट्याने सुधारतात, कारण त्यांचा तंतू तुटलेला नसून केवळ खंडांपाशी संदेश अडलेला असतो. तंतू खरोखर नष्ट झाला असेल, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर याच गतीने वाढतो आणि पावलापर्यंत पोहोचण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो.

चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेची स्थापना १९६२ मध्ये झाली. डॉ. जगजीतसिंग चोप्रा यांनी तेथील मज्जाविकार विभागाची उभारणी केली. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातून रुग्ण या संस्थेकडे येतात. अशा ठिकाणी अकस्मात लुळ्या पडलेल्या रुग्णाचे कारण शोधताना मण्यारीचा दंश, रक्तातील पोटॅशियमची घट, घटसर्पानंतरचा लुळेपणा आणि कीटकनाशकांची विषबाधा या सर्वांचा विचार करावा लागतो. संवहनाची परीक्षा यातून मार्ग दाखविते.

महाराष्ट्राला या विकाराची तीव्र जाणीव जानेवारी २०२५ मध्ये झाली. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, किरकिटवाडी, नांदेड व धायरी या भागांत एकामागून एक रुग्ण आढळले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडल्याने दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. मज्जातंतूंच्या या आजाराला आळा घालण्याचा एक मार्ग नळाच्या पाण्यातून जातो, हे त्यावरून दिसते.

उपचार दोन आहेत: रक्तद्रव बदलणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे. १९८५ आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी त्यांची उपयुक्तता सिद्ध केली. दोन्हींचा गुण सारखाच. स्टेरॉइडचा मात्र उपयोग होत नाही. उपचार जितका लवकर तितका लाभ अधिक, म्हणून लक्षणे स्पष्ट असता परीक्षेच्या निकालासाठी तो रोखून धरू नये. श्वासाची ताकद वरचेवर तपासणे हे तर कोणत्याही आलेखापेक्षा निकडीचे. इजा कोठे व किती, आणि बरे होण्यास किती धीर धरावा लागेल, हे संवहनाची परीक्षा सांगते. रुग्णाच्या आप्तांना हे उत्तर फार मोलाचे असते. मात्र ते देण्यापूर्वी वैद्याने दुसऱ्या परीक्षेची वाट पाहिलेली बरी.