वार्धक्यातील अस्थिभंग आणि बुद्धीचा भ्रम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा धान्यबाजारातील चढउतारांवर आम्ही काही लिहू अशी त्यांची अपेक्षा होती. बेळगावच्या पेठेत ज्वारी, गहू व तूर यांची घाऊक उलाढाल करण्यात आमचे आयुष्य गेले. त्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार सभासद बंधूंनी कदाचित मान्यही केला असता. परंतु आम्ही लिहीत आहोत ते म्हातारपणी मोडणाऱ्या हाडाविषयी आणि त्यामागोमाग ढळणाऱ्या बुद्धीविषयी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेले; आम्ही वैद्य नव्हे. तथापि या विषयातील अज्ञानाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, आणि जो तोटा टाळता आला असता तो शेजारच्या पेढीस वेळीच सांगणे हा व्यापाऱ्याचा धर्मच होय.

2018 सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. आमच्या मातोश्री त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. पहाटे स्नान करून मंदिरात दर्शनास जाण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. त्या पहाटे नहाणीघराच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला व डाव्या खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात नेताच शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु संमतीच्या कागदावर सही करण्यास आम्ही चार दिवस लावले. धाकटे बंधू इंदूरहून येईपर्यंत थांबावे, असे एकाने सुचविले. दुसऱ्याने दिवस चांगला नाही म्हटले. तिसऱ्याने हाडवैद्याचे नाव काढले. मातोश्री मात्र चार दिवस वेदनेत, पाठीवर निजून, छताकडे पाहत होत्या.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. हाड बसले. दुसऱ्या रात्री मात्र मातोश्री आम्हांस ओळखीनात. पंचवीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आमच्या काकांच्या नावाने त्या आम्हांस हाका मारू लागल्या. "वखारीत पाणी शिरलंय, पोती उचला रे," असे ओरडून त्या खाटेवरून उतरू पाहत. सलाईनची नळी त्यांनी दोनदा उपटली. पूर्वीची माणसे ज्याला 'वात झाला' म्हणत, तोच हा प्रकार. आम्ही घाबरलो. आईला आता वेड लागले, उरलेले दिवस असेच जायचे, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. रात्री दोन वाजता परिचारिकेने हात बांधण्याविषयी विचारले, तेव्हा आम्ही मान डोलावली. सुती पट्टीने त्यांचे दोन्ही हात खाटेच्या कडेला बांधले गेले. आम्ही खोलीबाहेर बाकावर जाऊन बसलो.

सकाळी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजींचा चष्मा कुठे आहे?" चष्मा हरवू नये म्हणून आम्ही घरच्या कपाटात ठेवला होता. कर्णयंत्रही तेथेच होते. कवळी डब्यात होती. खोलीचे पडदे दिवसरात्र ओढलेले होते. ते म्हणाले, "त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र ते कळत नाही, शिवाय वेदना आहेत. मेंदू गोंधळणार नाही तर काय होईल? हे वेड नाही. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. हा बहुधा ओसरतो, पण ओसरावा यासाठी तुमची मदत हवी." त्या दिवशी आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजून घेतले, ते पुढे मांडीत आहोत.

प्रथम औषधोपचाराचे वजन कसे करतात ते पाहू. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवरून कोणी शहाणा व्यापारी माल घेत नाही. वरची, मधली व तळाची वानगी काढूनच तो भाव बोलतो. वैद्यकातही एखाद्याला गुण आला एवढ्यावर विसंबता येत नाही. म्हणून रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर पाडतात, एका गटाला नवा उपचार व दुसऱ्याला प्रचलित उपचार देतात, आणि अखेरीस दोन्हींचा हिशेब मांडतात. 2002 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील मोझली नामक शल्यविशारदांनी संधिवाताने गुडघे दुखणाऱ्या 180 रोग्यांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या त्वचेवर केवळ छेद घेऊन ते शिवून टाकले. कोणाला काय केले हे रोग्यांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी पाहता तिन्ही गटांच्या वेदनेत फरक आढळला नाही. जी शस्त्रक्रिया तोपर्यंत असंख्य लोक पैसे मोजून करून घेत होते, तिचे वजन काट्यावर असे उतरले.

सांधेरोपणाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. इंग्लंडातील राइटिंग्टन इस्पितळाचे सर जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी आरंभी टेफ्लॉनची वाटी वापरली. सुमारे 300 रोग्यांना गुण आला. पण काही वर्षांत वाट्या झिजल्या व झिजेच्या कणांनी आतील मांस खराब केले. चार्न्ली यांनी अपयश झाकले नाही. टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेऊन त्यांनी परिणाम पाहिला. पुढे यंत्रांची दातेरी चाके विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याने नव्या प्लास्टिकचा तुकडा त्यांच्या कारखान्यात आणून दिला. चार्न्लींना त्यात राम वाटला नाही. परंतु त्यांच्या तंत्रज्ञाने तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. तीन आठवडे घासूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकी झाली नाही. 1962 च्या नोव्हेंबरपासून त्या पॉलिथिलीनची वाटी रोग्यांना बसविली जाऊ लागली, व त्याच पदार्थाच्या सुधारलेल्या जाती आजही वापरात आहेत. फिरत्या विक्रेत्याची वानगी न तपासता परत करू नये, हा धडा आपणांस नवा नाही.

गादीवर मांडी घालून जन्म काढलेल्या आपल्या मंडळींत गुडघ्यांच्या तक्रारी घरोघर आहेत, म्हणून गुडघेरोपणाविषयीही दोन शब्द. 2015 साली डेन्मार्कमध्ये रोपणास योग्य ठरलेल्या 100 रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नवा सांधा बसवून त्यानंतर व्यायामादी उपचार दिले. निम्म्यांना बारा आठवडे फक्त व्यायाम, आहाराचा सल्ला, वेदनाशामक औषध इत्यादी दिले. वर्षअखेर रोपण झालेल्यांना अधिक आराम होता, परंतु गंभीर उपद्रवही त्यांच्यातच अधिक झाले. आणि दुसऱ्या गटातील 50 पैकी 13 जणांनीच त्या वर्षात रोपण करून घेतले. तात्पर्य, गुडघ्याचे रोपण हे विचार करून, सवडीने ठरविण्याचे काम आहे. व्यायामाला आधी संधी द्यावी.

खुब्याच्या अस्थिभंगाचे मात्र तसे नाही. तेथे सवड हीच वैरीण. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात भारतासह 17 देशांतील 69 इस्पितळांतून 2970 रोगी घेतले होते. एका गटाची शस्त्रक्रिया निदानापासून साधारण 6 तासांत, दुसऱ्याची साधारण 24 तासांत झाली. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु भ्रमाचा विकार पहिल्या गटात शेकडा 9 तर दुसऱ्यात शेकडा 12 रोग्यांना झाला, आणि पहिल्या गटातील रोगी लवकर उभे राहिले. येथे उशीर म्हणजे एक दिवस! आम्ही चार दिवस घालविले.

भूल पूर्ण द्यावी की कमरेखालची, यावरही आमच्या घरी वाद झाला होता. पूर्ण भुलेने डोके बिघडते, अशी समजूत सर्वत्र आहे. अमेरिका व कॅनडा येथील 46 इस्पितळांत 1600 रोग्यांवर झालेल्या व 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमरेखालील भुलेनंतर शेकडा 20.5 व पूर्ण भुलेनंतर शेकडा 19.7 रोग्यांना भ्रम झाला. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. हा निर्णय भूलतज्ज्ञावर सोपवावा. त्यासाठी घरात वेळ दवडू नये.

आता मुख्य मुद्दा. हा भ्रम टाळता येतो काय? बऱ्याच अंशी येतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शेरॉन इनोये यांनी 1999 साली इस्पितळात दाखल झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या 852 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे उपाय ऐकून हसू यावे इतके साधे होते : रोग्याला दिवस, वार व स्थळ यांची आठवण देत राहणे, रात्री झोप मोडू न देणे, लवकर उठवून चालविणे, चष्मा लावणे, कानाची सोय करणे आणि पाणी कमी पडू न देणे. या काळजीने भ्रमाचे प्रमाण शेकडा 15 वरून 9.9 वर आले. मात्र एकदा भ्रम झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे पाऊस येण्यापूर्वी वखारीचे छप्पर शाकारावे, तशातला हा प्रकार. 2001 साली बोस्टन येथे खुब्याचे हाड मोडलेल्या 126 वृद्धांपैकी निम्म्यांची देखरेख शस्त्रक्रियेच्या सुमारासच वृद्धरोगतज्ज्ञांकडे दिली असता त्यांच्यात शेकडा 32 जणांना भ्रम झाला. इतरांत शेकडा 50 जणांना.

यास्तव आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे की, घरातील वडीलधारे माणूस इस्पितळात न्याल तेव्हा चष्मा, कर्णयंत्र व कवळी आधी पिशवीत घालावी. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद ठेवावा. खोलीत घड्याळ व तारखेचा कॅलेंडर असावा. भेटणाऱ्यांची गर्दी नको. परंतु घरचे एक ओळखीचे माणूस सतत उशाशी असावे व त्याने मराठीत, कानडीत, जी घरची भाषा असेल तीत शांतपणे बोलत राहावे. वेदना होत असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण दडपलेली वेदनाही भ्रमास कारण होते. घरी चालू असलेल्या सर्व औषधांची, विशेषतः झोपेच्या गोळ्यांची, यादी दाखवावी. आपल्यातील बहुतेक वृद्ध सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. त्यांच्या नियमास बाध न आणता दिवसा दर तासाला थोडे थोडे पाणी देण्याची जबाबदारी एकाने घ्यावी, आणि हा नियम डॉक्टरांच्या कानावरही घालावा. रोगी बडबडत नाही, उलट गप्प व गुंगीत पडून आहे, म्हणून निश्चिंत होऊ नये; भ्रमाचा तो मुका प्रकार असू शकतो व तोच अधिक नजरेतून सुटतो. ज्यांना असा भ्रम झाला त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, म्हणून घरी आल्यावरही काही महिने लक्ष ठेवावे.

हाड एकदा मोडले की पुन्हा मोडण्याची भीती असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या 2127 रोग्यांपैकी निम्म्यांना झोलेड्रोनिक आम्ल हे औषध वर्षातून एकदा शिरेतून दिले. त्यांच्यात पुन्हा अस्थिभंग शेकडा 8.6 जणांना झाला. औषध न मिळालेल्यांत शेकडा 13.9 जणांना. मूत्रपिंड दुबळे असल्यास हे औषध चालत नाही. तपासणी आवश्यक आहे. परंतु जखम भरली की कित्येक घरांत खाते बंद झाले असे समजतात, आणि हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार करायचा राहूनच जातो. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर आपण विचारावे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नहाणीघरात खडबडीत फरशी, भिंतीला धरावयास दांडा व वाटेवर रात्रभर जळणारा दिवा. आम्ही हे तिन्ही केले; पण पडल्यानंतर केले.

मातोश्रींचा भ्रम सहाव्या दिवशी ओसरला. चष्मा लागल्यावर त्यांनी प्रथम आमच्याकडे व मग खिडकीकडे पाहिले आणि आज वार कोणता, असे विचारले. पुढे त्या काठी घेऊन मंदिरापर्यंत जाऊ लागल्या. मात्र घरखर्चाची वही, जी त्या पन्नास वर्षे स्वतः लिहीत, ती त्यांनी पुन्हा हाती घेतली नाही. बेरीज जमत नाही, म्हणाल्या. दोन वर्षांनी त्या शांतपणे गेल्या.

त्या रात्रीचे त्यांना काही आठवत नसेल, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती. एके दुपारी शेंगा सोलता सोलता त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही मला बांधून बाहेर गेला होता. मी हाका मारत होते." रागाने नव्हे, एखादी जुनी बाकी आठवावी तशा. आम्हांला उत्तर सुचले नाही. ती बाकी आमच्या नावे तशीच आहे. कोणा सभासदाच्या घरी अशी रात्र आली आणि हा लेख आठवून त्याने बाहेरच्या बाकावर न जाता उशाशी बसून वृद्ध माणसाचा हात हाती घेतला, तर तिची थोडी फेड झाली असे आम्ही समजू.